तुरटी, रंग आणि पेशी

आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्या रंगाच्या कामात गेल्या. आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात रंगारी होते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यातून काढायचं आणि शेवटी आलाच्या मुळांच्या लाल रंगात उकळायचं, हा त्यांचा क्रम. वडील मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत रंगखात्याला लागले. तिथे मुळं नव्हती, डब्यांतून आलेले तयार रंग होते. पण रंग पक्का बसला की कच्चा, हे कापड बोटांत चोळून सांगायची सवय त्यांना आजोबांकडून आली होती. मी परळच्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊती तपासण्याच्या, लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लागल्यावर सीनियर बाईंनी मला पहिल्यांदा हिमॅटॉक्सिलिन हा पेशींना द्यायचा रंग बनवायला शिकवलं. हॅरिसच्या कृतीप्रमाणे रंगाची पूड ५ ग्रॅम, ती ५० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये विरघळवायची. आणि लिटरभर पाण्यात तुरटी तब्बल १०० ग्रॅम. मी घरी येऊन वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तुझं काम आमच्यातलंच आहे की गं."

ते अगदी खरं होतं. माणसाच्या शरीरातली कुठली पेशी कशी दिसते आणि काय काम करते, हे ज्ञान ग्रंथांत शास्त्रज्ञांच्या नावावर आहे, आणि तो मान त्यांचाच आहे. पण ते ज्ञान मिळालं ते रंगाऱ्यांच्या मालाने, रंगाऱ्यांच्या युक्तीने आणि धार लावणाऱ्यांच्या हाताने. हा इतिहास आमच्या टेक्निशियनच्या अभ्यासक्रमात नव्हता. मी तो नोकरी करता करता, लायब्ररीतली जुनी पुस्तकं चाळत गोळा केला.

रंगाच्या आधी काय होतं, तेही सांगायला हवं. पॅरिसमध्ये झाविए बिशा नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. त्या काळच्या भिंगांतून प्रत्येक वस्तूभोवती रंगीत कडा दिसत, त्यामुळे तो अविश्वास वाजवीही होता. त्याने शवागारात बसून शरीराचे भाग उकळले, वाळवले, कुजवले, आम्लात आणि अल्कलीत टाकले. कुठला भाग लवकर विरघळतो, कुठला आकसतो, कुठला तसाच राहतो, हे बोटांनी आणि डोळ्यांनी तपासलं. त्यातून त्याच्या लक्षात आलं की हृदय, जठर, फुप्फुस हे अवयव वेगळे असले तरी ते मोजक्याच प्रकारच्या ऊतींचे बनलेले आहेत. त्याने असे २१ प्रकार सांगितले. जठराच्या आतलं अस्तर आणि नाकाच्या आतलं अस्तर एका जातीचं, म्हणून त्यांचे आजारही एका जातीचे, हा विचार त्याचा. १८०२ साली तो वारला तेव्हा वय होतं अवघं ३०. आज शाळेत मुलं अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता अशा चार ऊती पाठ करतात, त्या वर्गीकरणाचं मूळ या भिंगाशिवाय केलेल्या कामात आहे.

पुढे भिंगं सुधारली. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी दोन्ही पेशींचे बनलेले आहेत असं मांडलं, १८५८ मध्ये फिर्खो यांनी आजारही पेशीतच शोधायला हवा असं ठामपणे सांगितलं. हे सगळं पुस्तकांत असतं, मी त्यावर रेंगाळत नाही. मला सांगायची आहे ती या लोकांपुढची अडचण. ताज्या यकृताचा किंवा मेंदूचा अगदी पातळ काप करून काचेवर ठेवा. उत्तम सूक्ष्मदर्शकातूनही जवळजवळ काहीच दिसत नाही. पेशी बहुतांशी पाण्याची, तिच्यातलं केंद्रक पारदर्शक, भोवतालचा द्रवही पारदर्शक. उजेड सगळ्यांतून सारखाच आरपार जातो. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना मी मुद्दाम रंग न दिलेली स्लाइड आधी पाहायला लावायची. त्या गोंधळून जायच्या, आणि मग रंग कशासाठी हे वेगळं सांगावं लागत नसे.

१८५८ साली एर्लांगेनमध्ये योसेफ फॉन गेर्लाख यांनी लहान मेंदूचा एक काप कार्मिनच्या अगदी फिकट पाण्यात रात्रभर राहू दिला. सकाळी केंद्रकं तांबडी, बाकी भाग फिकट, असा स्वच्छ फरक दिसला. कार्मिन म्हणजे मेक्सिकोच्या निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांचा लाल रंग. युरोपात तो भारी कापडांसाठी आणि चित्रकारांसाठी यायचा. गेर्लाख यांच्या आधीही एकदोघांनी रंग वापरून पाहिले होते, पण अभ्यासकांच्या टेबलावर रंगाची बाटली कायमची आली ती त्यांच्यापासून.

हिमॅटॉक्सिलिन त्याच मुलखातलं. मेक्सिकोच्या कांपेचे भागात आणि शेजारच्या बेलिझमध्ये लॉगवुड नावाचं काटेरी, वेड्यावाकड्या खोडाचं झाड होतं. त्याच्या गाभ्याच्या लाकडातून रंग निघतो. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला, त्यासाठी इंग्रजांशी त्यांच्या चकमकी झाल्या, आणि आजचा बेलिझ देश मुळात या लाकडाच्या तोडीसाठी वसलेल्या इंग्रजांच्या वस्तीतून उभा राहिला. रेशीम आणि लोकर काळी करायला लॉगवुडसारखा रंग नव्हता. १८६३ मध्ये वाल्डायर यांनी तो ऊतींवर वापरून पाहिला. नुसता रंग नीट बसला नाही. १८६५ मध्ये ब्योमर यांनी त्यात तुरटी घातली, आणि केंद्रकं गडद निळी उठून दिसायला लागली. रंगाऱ्यांनी शेकडो वर्षं जे कापडावर केलं, तेच त्यांनी पेशीवर केलं.

तुरटीतल्या ॲल्युमिनियमचं एक टोक रंगाच्या कणाला धरतं आणि दुसरं पेशीतल्या आम्लधर्मी पदार्थाला. केंद्रकात डीएनए ठासून भरलेला, तो आम्ल, म्हणून रंग तिथे जाऊन पक्का बसतो. आजोबांच्या कापडात ॲल्युमिनियम सुताच्या धाग्यावर बसायचं आणि आलाच्या रंगाला धरून ठेवायचं. त्यांना हे रसायन ठाऊक नव्हतं, ब्योमर यांनाही डीएनए ठाऊक नव्हता. दोघांचंही काम मात्र चोख झालं.

त्यातही एक गोम आहे. हिमॅटॉक्सिलिनची ताजी पूड स्वतः रंग देतच नाही. ती हवेत पिकावी लागते, म्हणजे तिचं ऑक्सिडेशन व्हावं लागतं. जुन्या लॅबमध्ये बाटल्यांना कापसाचा बोळा लावून त्या खिडकीत उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवत. हॅरिस यांनी १९०० साली पाऱ्याचा ऑक्साइड घालून हे काम काही मिनिटांवर आणलं. तुरटी आणि रंग उकळत असताना तो लाल ऑक्साइड चिमटीचिमटीने टाकायचा. द्रव फसफसून वर येतो, आणि बघता बघता तांबूस रंगाचा गर्द जांभळा होतो. त्या क्षणी फ्लास्क थंड पाण्याच्या टबात उतरवायचा. उशीर केला तर रंग करपतो. आम्ही पुढे पारा सोडून सोडियम आयोडेट वापरायला लागलो, आरोग्याच्या दृष्टीने ते बरंच झालं.

हिमॅटॉक्सिलिनच्या जोडीला इओसिन आलं ते दुसऱ्या वाटेने. १८५६ मध्ये लंडनच्या अठरा वर्षांच्या पर्किनने डांबरातल्या पदार्थांपासून जांभळा रंग बनवला, आणि त्यातून जर्मनीत कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले. अशाच एका कारखान्यात, बीएएसएफमध्ये, हाइनरिश कारो यांनी १८७०च्या दशकात इओसिन आणलं. ते रेशमासाठी होतं, गुलाबी, चमकदार. काही वर्षांतच कुणीतरी ते हिमॅटॉक्सिलिनबरोबर वापरलं. केंद्रक निळं, बाकी पेशी गुलाबी. १८७६-७७च्या सुमारास जमलेली ही जोडी आजही जगातल्या प्रत्येक पॅथॉलॉजी विभागात रोज वापरली जाते. आम्ही तिला नुसतं 'एच अँड ई' म्हणतो.

पाउल एर्लिश हे तर विद्यार्थी असल्यापासून या कारखान्यांच्या रंगांत बुडालेले. त्यांचं म्हणणं असं की रंग पेशीवर सरसकट चढत नाही, तो निवड करतो, आणि ज्याअर्थी निवड करतो त्याअर्थी पेशींची घडण वेगवेगळी आहे. रक्ताचा थेंब काचेवर पसरून त्यांनी आम्ल रंग आणि अल्कली रंग लावून पाहिले. ज्या पांढऱ्या पेशी एकसारख्या वाटत होत्या त्या वेगळ्या झाल्या. कुणाचे कण इओसिन धरतात, कुणाचे निळा रंग, कुणाचे दोन्ही थोडे थोडे. आज कुठल्याही गल्लीतल्या लॅबमध्ये सीबीसी केलं की रिपोर्टवर 'इओसिनोफिल' असं छापून येतं. पेशीला रेशमाच्या रंगाचं नाव लागलं आहे, आणि तो आकडा वाढला की डॉक्टर ॲलर्जी किंवा जंत आहेत का हे बघतात.

रंग झाला. पण रंग देण्याआधी काप हवा, आणि तिथे खरी मेहनत.

अवयवाचा तुकडा शरीरातून निघाल्याबरोबर सडायला लागतो. फ्रांकफुर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लुम १८९३ मध्ये फॉर्मल्डिहाइड जंतुनाशक म्हणून कितपत चालतं ते तपासत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी ताठ, कडक झाली. जे बोटाला होतं ते अवयवाच्या तुकड्यालाही होईल, हे त्यांनी ओळखलं. तेव्हापासून फॉर्मलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं पाणी, आलं. त्याचा डोळ्यांना झोंबणारा वास आमच्या साडीला, केसांना लागून घरापर्यंत यायचा.

फॉर्मलिनमध्ये पक्का झालेला तुकडा चढत्या अल्कोहोलमधून काढून त्यातलं पाणी घालवायचं, झायलीनमधून न्यायचा आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवायचा. मेण पेशीपेशीत शिरतं. गार झालं की ब्लॉक तयार. मेणाची ही युक्ती १८६९ सालची, क्लेब्स यांची. कापायच्या यंत्राला मायक्रोटोम म्हणतात. बासेलच्या विल्हेल्म हिस यांनी १८६०च्या दशकात एक बनवलं, आणि १८८५ मध्ये केंब्रिजहून 'रॉकिंग मायक्रोटोम' आलं. त्याची रचना होरेस डार्विन यांची, उत्क्रांतीवाल्या डार्विन यांचे ते चिरंजीव. मी शिकले ती अशाच एका जुन्या रॉकिंग यंत्रावर. दांडा पुढेमागे हलवला की ब्लॉक पातीवर येतो, आणि प्रत्येक वेळी ठरलेल्या जाडीने पुढे सरकतो.

ती जाडी चार-पाच मायक्रॉन. रक्तातली तांबडी पेशी सुमारे सात मायक्रॉनची असते, म्हणजे काप तिच्याहून पातळ. अशा कापासाठी पातीला धार कशी लागेल? तेव्हा फेकून द्यायची ब्लेड नव्हती. पोलादाची जड सुरी होती. ती दगडावर घासायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर मागे-पुढे फिरवायची. पट्ट्यावर सुरी ओढताना धार मागे राहिली पाहिजे, पुढे गेली की पट्टा कापला जातो. धारेवर केसाएवढी खोच राहिली तरी प्रत्येक सेक्शनवर उभी रेघ उमटते, आणि ती रेघ नेमकी डॉक्टरांना हव्या असलेल्या जागेवरून जाते. सीनियर बाई सुरी डोळ्यांसमोर धरून उजेडात बघायच्या. धारेवर कुठेही उजेड चमकला तर सुरी परत दगडावर. चांगल्या धारेवर उजेड दिसत नाही.

कापताना मेणाचे काप एकमेकांच्या कडेला चिकटत जातात आणि त्यांची पट्टी तयार होते, तिला रिबन म्हणतात. मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यात मेण मऊ पडायचं, रिबन चुरगळायची. मग ब्लॉकवर बर्फ ठेवून कापायचं. रिबन हलक्या हाताने कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात, तिच्याखाली स्लाइड घालून ती उचलायची. काचेवर ती चिकटावी म्हणून अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण आधी बोटाने लावलेलं असे. शेवटी रंग. हिमॅटॉक्सिलिनमधून काढलेली स्लाइड लालसर जांभळी दिसते. नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरली की ती हळूहळू निळी होते. ज्या पाण्यात पुरेसा अल्कलीपणा नाही तिथे हे जमत नाही, म्हणून पाणी कुठून येतं याकडे आमचं लक्ष असायचं.

हे सगळं कशासाठी, ते एका अवयवावरून सांगते. स्वादुपिंडाची स्लाइड मला पहिल्यापासून आवडायची. बहुतेक जागा लहान लहान गुच्छांनी भरलेली. गुच्छातल्या प्रत्येक पेशीचं बूड निळं आणि टोक गुलाबी. बूड निळं, कारण तिथे प्रथिनं बनवणारी यंत्रणा, म्हणजे आरएनए, खच्चून भरलेली. टोक गुलाबी, कारण तयार झालेले पाचक रस तिथे कणांच्या रूपात साठलेले. ही पेशी काय करते ते तिच्या दोन रंगांतच वाचता येतं. खाली कारखाना, वर गोदाम, आणि गुच्छाच्या मधोमध रस आतड्याकडे नेणाऱ्या नळीची सुरुवात. आणि या गर्दीत मधूनच एखादं फिकट बेट. त्या पेशी लहान, एकसारख्या, बाजूने रक्ताच्या केशवाहिन्या. पण रस बाहेर न्यायला नळी कुठेच नाही.

बर्लिनला पाउल लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये सशाच्या स्वादुपिंडात ही बेटं पाहिली. पदवीच्या प्रबंधात त्याने त्यांचं बारकाईने वर्णन केलं, आणि ती कशासाठी आहेत हे आपल्याला सांगता येत नाही असंही प्रामाणिकपणे लिहिलं. तेव्हा त्याची पंचविशीही झाली नव्हती. पुढे क्षयाने त्याला गाठलं, हवापालटासाठी तो मदेइरा बेटावर गेला आणि १८८८ मध्ये तिथेच वारला. पुढच्याच वर्षी स्ट्रासबुर्गमध्ये मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं, तर त्याला मधुमेह झाला. १८९३ मध्ये लागेस यांनी त्या बेटांना लांगरहान्सचं नाव दिलं. १९०७ मध्ये लेन यांनी खास रंग वापरून दाखवलं की बेटातल्या पेशी एका जातीच्या नाहीत. आज ज्यांना आपण अल्फा आणि बीटा म्हणतो त्या वेगळ्या झाल्या. इन्शुलिन हाती आलं १९२१-२२ मध्ये, टोरांटोत. नळी नाही, कारण माल थेट रक्तात जातो. उत्तर १८६९च्या त्या वर्णनातच होतं, फक्त प्रश्न विचारायला अर्धं शतक लागलं.

त्याच लांगरहान्सने बेटांच्या त्या वर्णनाच्या वर्षभर आधी, सोन्याचा क्षार वापरून, त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी दाखवल्या होत्या. त्याला त्या चेतापेशी वाटल्या. त्या बाहेरून येणारे जंतू आणि परकी द्रव्यं ओळखून शरीराच्या रक्षणयंत्रणेला कळवणाऱ्या पेशी आहेत, हे कळायला शंभराहून अधिक वर्षं जावी लागली. मला या माणसाबद्दल फार माया वाटते. त्याने जे पाहिलं तेवढंच लिहिलं, म्हणूनच ते टिकलं.

चेतापेशींची कथा पुष्कळांना माहीत असते, तरी आमच्या धंद्याच्या बाजूने सांगते. एच अँड ई मध्ये मेंदूच्या पेशीचं अंग दिसतं, पण तिचे लांबवर गेलेले तंतू दिसत नाहीत. इटलीत अब्बियातेग्रासो गावी असाध्य रुग्णांच्या आश्रमात कामिल्लो गोल्जी डॉक्टर होते. तिथल्या स्वयंपाकघरातच त्यांनी आपलं काम थाटलं होतं. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक केलेला मेंदू त्यांनी सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला आणि १८७३ मध्ये निकाल प्रसिद्ध केला: पिवळ्या पार्श्वभूमीवर काळीकुट्ट पेशी, टोकापासून टोकापर्यंत. या रंगाचं वैशिष्ट्य म्हणजे तो शंभरातल्या मोजक्याच पेशींवर चढतो. सगळ्यांवर चढला असता तर नुसता काळा डाग दिसला असता.

स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काखाल यांनी १८८७ मध्ये माद्रिदला अशी स्लाइड पहिल्यांदा पाहिली. त्यांना फोटोग्राफीचा नाद होता, चांदीच्या क्षारांशी हात बसलेला. त्यांनी रंगाची क्रिया दोनदा केली, आणि मोठ्या जनावरांचा मेंदू सोडून पिल्लांचा आणि गर्भांचा घेतला, कारण तिथे तंतूंवर मायलिनचं वेष्टन अजून चढलेलं नसतं आणि चांदी आत शिरते. मग दिसलं की प्रत्येक चेतापेशी वेगळी आहे. तिचा तंतू दुसरीच्या जवळ जाऊन थांबतो, तिच्यात मिसळत नाही. गोल्जी शेवटपर्यंत मानत राहिले की सगळं एकसंध जाळं आहे. १९०६चं नोबेल दोघांना मिळून मिळालं, आणि गोल्जींनी आपल्या भाषणात काखाल यांच्याच मताला विरोध केला. रंग गोल्जींचा होता. पण त्याच्यासाठी कापड कुठलं निवडायचं हे काखाल यांना कळलं, असं मी मुलींना सांगायची.

ही विद्या मुंबईत कधी आली? हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव घ्यावं लागतं. 'ग्रेज ॲनाटॉमी' या ग्रंथाची चित्रं त्यांची. १८५८ मध्ये ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी ते मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, मग कितीतरी वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काढली. पाय सुजून त्यातून कण गळणाऱ्या 'मदुरा पाया'च्या रोगाला त्यांनी मायसिटोमा हे नाव दिलं, तो बुरशीचा रोग आहे असं सूक्ष्मदर्शकाच्या आधारे मांडलं, आणि १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. शेतात अनवाणी चालणाऱ्यांचा तो रोग, काट्याच्या जखमेतून होणारा. कुष्ठरोगात नसा जाड होतात याचाही त्यांनी अभ्यास केला. १८७३ मध्ये ते त्यासाठी मुद्दाम नॉर्वेला गेले, जिथे हान्सन यांना नुकताच कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता.

परळमध्ये मात्र या शास्त्राचा पाया भक्कम केला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. त्यांचा जन्म १८९५चा, क्वेट्टा इथला, शिक्षण लंडनला. ग्रँट मेडिकल, मग सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण आमच्या सीनियर बाईंच्या पिढीला त्यांचं नाव घेताना खुर्चीत सरळ बसायची सवय होती. कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या डागांतले तुकडे घेऊन त्यांनी त्वचेतल्या बारीक नसा तपासल्या. नसेतल्या तंतूभोवती श्वान पेशी असतात. तंतूला वेष्टन घालणं आणि त्याची निगा राखणं हे त्यांचं काम. कुष्ठरोगाचा जंतू नेमका त्यांच्याच आत घर करतो. म्हणूनच डागावर टाचणी टोचली तरी रुग्णाला कळत नाही. रोग त्वचेवर दिसतो, पण तोटा नसेचा होतो.

खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे तयार झाल्या. पुण्याच्या फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ची. नंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये 'हेला' पेशी काचेत वाढल्या. परत येऊन त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. आमच्या स्लाइडवरची पेशी मेलेली असते, त्यांच्या बाटलीतली जिवंत. त्यांचं काम स्वतंत्र लेखाचं आहे, इथे एवढंच.

मला ज्या कामाचं जास्त अप्रूप आहे ते १९४५चं. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी अमेरिकेतल्या 'आर्काइव्हज ऑफ पॅथॉलॉजी'त चालीरीतींमधून होणाऱ्या कॅन्सरवर लेख लिहिला. त्यात कमरेवरच्या त्वचेचा एक कॅन्सर होता. धोतर रोज त्याच जागी, घट्ट कसून नेसायचं. त्वचेच्या अभिस्तर ऊतीचं काम झीज सोसायचं; तळच्या पेशी वाढतात, वर सरकतात, सपाट होतात, केराटिनने भरतात, मरतात आणि गळून पडतात. घासणं वाढलं तर त्या जास्त वेगाने वाढतात, म्हणून तिथे आधी काळा, जाड पट्टा पडतो. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की काही जणांत तळच्या पेशी आपली सीमा ओलांडून खाली उतरतात. स्लाइडवर ते स्पष्ट दिसतं: गुलाबी संयोजी ऊतीत घुसलेली निळसर पेशींची बोटं, आणि त्यांच्या मधे केराटिनचे गोल गोल मोती. परकराची नाडी करकचून बांधणाऱ्या बायकांमध्येही हाच कॅन्सर पुढे नोंदला गेला. माझी आई नऊवारी नेसायची. तिच्या कमरेवरचा काळा पट्टा मला लहानपणापासून ठाऊक होता, आणि हा लेख वाचल्यावर मी तिला निरी सैल खोचायला लावली. ती कुरकुरली, पण तिने ऐकलं.

तोंडाचंही असंच. गालाच्या आतलं अस्तर मऊ, ओलसर. त्याच्याखाली सैल संयोजी ऊती. ती सैल आहे म्हणून तोंड मोठं उघडता येतं, जांभई देता येते. या ऊतीत फायब्रोब्लास्ट नावाच्या लांबट पेशी असतात, कोलाजेनचे तंतू बनवणाऱ्या. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये तोंड आकसत जाण्याचा विकार नोंदवला, आणि १९५३ मध्ये मुंबईत डॉ. जोशी यांनी त्याचं वर्णन करून त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. सुपारीतल्या द्रव्यांनी फायब्रोब्लास्ट चेकाळतात, कोलाजेन साठत जातं, त्याचा निचरा होत नाही. व्हॅन गीझन यांच्या १८८९च्या रंगात कोलाजेन लालभडक होतं. नेहमीच्या गालात ते विरळ, लाटांसारखं, या रोगात मात्र अस्तराखाली एकच सलग लाल पट्टी, पेशी नाहीत, रक्तवाहिन्या चेपलेल्या. वरचं अस्तर पातळ होऊन त्यात पुढे कॅन्सर होऊ शकतो. असा रुग्ण तोंड उघडतो तेव्हा आत दोन बोटंही धड मावत नाहीत. तो तिखट खाऊ शकत नाही, पुढे पुढे भाकरीचा घासही घेता येत नाही.

पूर्वी ही तक्रार पान-सुपारी खाणाऱ्या पोक्त माणसांची असायची. गुटख्याच्या पुड्या आल्या आणि वय खाली घसरलं, कारण पुडीतली सुपारी सुकी, बारीक आणि सतत गालात धरलेली. महाराष्ट्र सरकारने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती योग्यच होती, पण पुडी मिळायची थांबली नाही. आमच्या फाटकासमोरच्या टपरीवरही सुपारी आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत मिळू लागली. मी निवृत्त झाले तोवर गालाचे तुकडे येतच होते, आणि फॉर्मवर वयाच्या रकान्यात एकोणीस, बावीस, चोवीस असे आकडे असायचे.